वाचकांचे प्रश्न : नवरा तैनातीवर असताना व्हिसाचा अर्ज

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत. तिन्ही विदर्भातल्या खेड्यांतून आली आहेत आणि तिन्ही घरांचा जावई, झालेला किंवा होणारा, अमेरिकेच्या सैन्यात आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत. उत्तरांत आलेले शुल्काचे आकडे अमेरिकी सरकार अधूनमधून बदलत असते. म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी ते सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्यावेत.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात सध्या माहेरी राहते. माझे यजमान लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेले, ते तिथले नागरिक आहेत आणि तिथल्या सैन्यात शिपाई आहेत. मागच्या वैशाखात आमचे लग्न गावातच झाले. त्यांना २४ दिवसांची रजा होती. परत गेल्यावर काही महिन्यांतच त्यांना नऊ महिन्यांच्या तैनातीवर दुसऱ्या देशात पाठवण्यात आले. सासरची मंडळी टेक्सासमध्ये आहेत. ती म्हणतात, ‘तो परत येऊ दे, मग अर्ज करू.’ यजमानांचा फोन आठवड्यातून एकदा, कधी दोनदा येतो आणि मध्येच तुटतो. त्यांच्याशिवाय अर्ज होतो का? सह्या कोण करणार? मुलाखतीला ते नसतील तर चालेल का? शिवाय माझ्या जन्माच्या दाखल्यावर नावाच्या जागी नुसती आडवी रेघ आहे. आणखी एक प्रश्न आहे, जो आई मला तोंडातून काढू देत नाही. त्यांचे काही बरेवाईट झाले तर माझ्या अर्जाचे काय होईल?

उत्तर : ताई, अर्ज आजही करता येतो. तुमच्या प्रकरणात अर्जदार तुमचे यजमान आहेत. पत्नीसाठी त्यांनी भरायचा अर्ज म्हणजे आय-१३०. तो भरताना अर्जदाराने अमेरिकेच्या भूमीवर असले पाहिजे, अशी अट नाही. हे काम तीन टप्प्यांत होते. पहिल्यात अमेरिकेचे नागरिकत्व व स्थलांतर खाते तुमचे नाते तपासते, दुसऱ्यात राष्ट्रीय व्हिसा केंद्र कागदपत्रे व उत्पन्नाचा पुरावा गोळा करते आणि तिसऱ्यात मुंबईच्या वाणिज्य दूतावासात तुमची मुलाखत होते. या सगळ्याला साधारणपणे वर्षाहून अधिक काळ जातो. नऊ महिने थांबून मग अर्ज केला, तर तो काळ नऊ महिन्यांनंतर मोजायला सुरुवात होईल. सासरच्यांची काळजी खरी आहे, पण हा हिशेब त्यांना शांतपणे सांगावा. तैनातीचे हे महिने पहिल्या टप्प्याच्या वाट पाहण्यातच निघून गेले, तर ते कारणी लागले असे म्हणता येईल.

सह्यांबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. तैनातीवर जाताना सैनिक घरच्यांच्या नावे मुखत्यारपत्र करून देतात. तुमच्या सासऱ्यांकडेही ते असेल. बँकेच्या किंवा घराच्या कामाला ते उपयोगी पडते, परंतु आय-१३० वर सही मुखत्याराची नव्हे, तुमच्या यजमानांची स्वतःचीच हवी. ती मिळवणे कठीण नाही. हा अर्ज संगणकावरून भरता येतो आणि तिथली सही संगणकावरच होते. १ एप्रिल २०२४ पासून संगणकावरून भरल्यास शुल्क ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर आहे. कागदी अर्जच करायचा ठरला, तर त्यांनी शाईने केलेल्या सहीची स्कॅन प्रतही चालते, म्हणजे छावणीतून कागद टपालाने हलण्याची गरज राहत नाही. अर्जासोबत आय-१३०-ए ही तुमच्या माहितीची पुरवणी असते. तुम्ही अमेरिकेबाहेर असल्यामुळे ती पूर्ण भरावी लागते, पण तिच्यावर तुमची सही नसली तरी चालते.

त्यांच्याकडे वेळ आणि इंटरनेट दोन्ही अपुरे असणार. म्हणून तुमच्या वाट्याची सगळी माहिती आधीच लिहून तयार ठेवा. गेल्या पाच वर्षांतले तुमचे सगळे पत्ते, त्या काळात केलेली कामे, आईवडिलांची पूर्ण नावे व जन्मस्थाने, लग्नाची तारीख आणि ठिकाण एका कागदावर मांडून त्याचा स्पष्ट फोटो पाठवा. शिवाय प्रत्येक कागद वेगळा स्कॅन करून त्याला ओळखता येईल असे नाव द्या. मग त्यांना एखाद्या रात्री तासभर जरी नेट मिळाले, तरी त्यांचे काम तपासून पुढे सरकवण्याएवढेच उरते. पत्रव्यवहाराचा पत्ता त्यांच्या तुकडीचा देण्यापेक्षा टेक्सासच्या घरचा द्यावा असे मला वाटते, कारण तुकडी हलते आणि घर तिथेच राहते. फोटोचेही आताच सांगते. आपल्याकडच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो म्हटला की ३५ बाय ४५ मिलिमीटरचा उभा फोटो हातात येतो. इथे दोन इंच बाय दोन इंच, चौकोनी, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, चष्म्याशिवाय आणि ताजा फोटो लागतो. स्टुडिओवाल्याला माप लिहूनच द्या.

यजमानांकडून काही कागद मागून घ्यावे लागतील आणि इथे त्यांचे सैन्यात असणे तुमच्या कामी येते. लग्न खरे आहे, केवळ व्हिसासाठी केलेले नाही, हे दाखवायचे असते. तुम्ही एकत्र राहिलात ते मोजून २४ दिवस. संयुक्त घरभाडे नाही, संयुक्त वीजबिल नाही. परंतु प्रत्येक अमेरिकी सैनिकाला डीडी-९३ नावाचा आणीबाणीच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो. आपल्याला काही झाले तर कोणाला कळवायचे, ते त्यात असते. त्यावर पत्नी म्हणून तुमचे नाव असेल तर तो मोठा पुरावा आहे. तसाच त्यांच्या सैनिकी आयुर्विम्यातील वारसदाराचा कागद आणि दरमहाची पगारपावती, जिच्यात विवाहित सैनिकाचा घरभत्ता दिसतो. सैन्याच्या कुटुंबनोंदणीतही तुमचे नाव घालून घ्यावे. त्यासाठी ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, लागत नाही आणि तुम्ही भारतात असतानाही ती होऊ शकते. लग्नानंतर यांतले एखादे काम राहून गेले असेल, तर त्यांनी ते तुकडीच्या कार्यालयातून आताच उरकावे.

बाकीचा पुरावा तुमच्या घरातच आहे. लग्नपत्रिका, हळदीपासून पाठवणीपर्यंतचे फोटो, मंडपाच्या व आचाऱ्याच्या पावत्या हे सगळे द्या. आहेराची वही तर मुळीच टाकू नका. कोणी किती आहेर केला, कोणाकडून साडी आली, कोणी भांडे दिले हे दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या नावांसह एकाच हस्ताक्षरात, एकाच दिवशी लिहिलेले असते, आणि असा कागद कोणाला बनवावासा सुचतही नाही. तिची पहिली चार-पाच पाने इंग्रजी भाषांतरासह जोडावीत. फोनवरच्या बोलण्याच्या नोंदी महिन्यातून दोन-तीन पुरेत. शंभर पानांचे संभाषण कोणी वाचत नाही. त्यांनी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या मात्र सगळ्या ठेवा. एक काळजी घ्या. ते नेमके कुठे आहेत, तुकडी कोणती, कधी हलणार आहे, हे कोणत्याही कागदात किंवा संदेशात उघड करू नका. तैनातीचा पुरावा म्हणून सैन्याने दिलेला आदेश किंवा वरिष्ठांचे पत्र पुरते. त्यात काय झाकायचे ते त्यांना ठाऊक असते.

आता तुमच्या जन्मदाखल्यावरची आडवी रेघ. माझ्या अनुभवात अशी प्रकरणे अमेरिकेत कमी आणि आपल्या तालुक्याच्या गावी जास्त अडतात, म्हणून हे सविस्तर लिहिते. आपल्या भागातल्या जुन्या जन्मनोंदी कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत असत. एका आजींच्या कामासाठी तहसील कार्यालयात ते बुक उघडलेले मी पाहिले आहे. पान पिवळे पडून कडांना भुगा झालेला, बापाचे नाव, जात, गाव सगळे बारीक अक्षरात भरलेले आणि जन्मलेल्याच्या रकान्यात फक्त ‘मुलगी’ एवढा एकच शब्द. तुमची नोंद ग्रामपंचायतीच्या पुस्तकातली असणार, पण रेघेचे कारण तेच आहे. बाळाची खबर बारशाआधी दिली गेली आणि नाव घालायला नंतर कोणी गेले नाही.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नोंद झालेल्या बाळाचे नाव नंतर घालता येते. ग्रामपंचायतीत तसा लेखी अर्ज करा, शाळा सोडल्याचा दाखला जोडा आणि अर्जाची पोच घ्या. मुदतीच्या कारणाने नाव घालण्यास नकार मिळाला, तर तो नकारही लेखी मागा, कारण तोंडी नकाराला पुढे कोणी विचारत नाही. मग दुसरा रस्ता खुला असतो. योग्य दाखला मिळू शकत नाही असे संबंधित अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र, त्यासोबत शाळा सोडल्याचा किंवा दहावीचा दाखला आणि तुमच्या जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे दूतावास विचारात घेतो. आई आणि आत्या किंवा मोठी मावशी असतील तर उत्तम. जन्माची नोंदच नसेल, तर एक वर्षानंतरच्या उशिराच्या नोंदीसाठी कलम १३ खाली दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि त्याला वेळ जातो. तुमची नोंद आहे, ही जमेची बाजू आहे.

नावांचा दुसरा गुंता लग्नामुळे होतो. आपल्याकडे मुलीचे मधले नाव आणि आडनाव सासरी गेल्यावर बदलते. आधार कार्ड सासरच्या नावाचे, पासपोर्ट माहेरच्या नावाचा, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच शुद्धलेखन. एका कागदावर वानखडे आणि दुसऱ्यावर वानखेडे, एके ठिकाणी इंग्रजीत ‘व्ही’ आणि दुसरीकडे ‘डब्ल्यू’, हे वऱ्हाडात घरोघरी आहे. माझा सल्ला असा की तुमचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तो तसाच राहू द्या. अर्ज त्याच नावाने करा आणि ‘वापरलेली इतर नावे’ या रकान्यात बाकीची सगळी रूपे लिहून काढा. लग्नाआधीची व नंतरची व्यक्ती एकच आहे, असे एक प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. अर्ज सुरू असताना मध्येच पासपोर्टवरचे नाव बदलणे म्हणजे तयार झालेल्या कागदांची पुन्हा जुळवाजुळव करणे आहे.

लग्नाचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीचे चालते. आपल्या राज्याच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली गावात ग्रामसेवकच विवाह निबंधकाचे काम पाहतात. त्यासाठी वधूवर दोघे आणि तीन साक्षीदार लागतात. लग्नानंतरच्या त्या २४ दिवसांत तुमची नोंदणी झाली असेल, असे मी धरून चालते. झाली नसेल, तर ते पुढच्या रजेचे पहिले काम समजा, कारण तुमच्या अर्जाचा मुख्य आधार हाच कागद आहे. प्रमाणपत्रावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळी असते. अर्जात लग्नाची तारीखच लिहायची. मराठी कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि भाषांतरकाराने ‘मला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे’ असे लिहून सही करायची असते. गावातल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी केले तरी चालते. तुम्ही स्वतः किंवा यजमानांनी मात्र ते करू नये.

उत्पन्नाचा टप्पा तुमच्या बाबतीत सोपा आहे. इतर अर्जदारांना आय-८६४ या हमीपत्रासाठी अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते, तर सेवेत असलेल्या सैनिकाला पत्नीसाठी १०० टक्के पुरते. २०२५ च्या कोष्टकात दोन माणसांच्या घरासाठी ही रक्कम वर्षाला २१,१५० डॉलर होती. युद्धक्षेत्रातला पगार शिपायांना करमुक्त असतो, त्यामुळे विवरणपत्रात उत्पन्न कमी दिसू शकते. तसे असल्यास वर्षभराच्या पगारपावत्या जोडून दोन ओळींचा खुलासा द्यावा. तैनातीमुळे विवरणपत्र भरायचे राहिले असेल, तर कायद्याने त्यांना मुदतवाढ मिळते, तेही लिहावे. सरकारी आदेशाने परदेशी गेल्यामुळे त्यांचे अमेरिकेतील वास्तव्य तुटले असे मानले जात नाही. या टप्प्यावर व्हिसा अर्जाचे ३२५ आणि हमीपत्र तपासणीचे १२० डॉलर भरावे लागतात.

मुलाखतीला यजमानांनी हजर राहावे लागत नाही. मुलाखत तुमची असते. त्याआधी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी आणि बोटांचे ठसे द्यायची वेगळी भेट असते, म्हणून एका दिवसात जाऊन यायचा बेत करू नका. बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरून सकाळी मुंबईत उतरलात, तरी तीन-चार दिवस मुक्कामाची सोय हवी. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दूतावासात मोबाईल आत नेता येत नाही; तो बाहेर सांभाळायला सोबत कोणीतरी असू द्या. पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र पासपोर्ट खात्यामार्फत मिळते आणि विदर्भासाठी ते काम नागपूरचे कार्यालय पाहते. अधिकारी साधेच विचारतात: ओळख कशी झाली, लग्नाला कोण कोण आले होते, ते काय काम करतात, शेवटचे बोलणे कधी झाले. ते कुठे आहेत हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर ‘त्यांना सांगण्याची परवानगी नाही’ एवढे खरे उत्तर द्या. सैनिकाच्या पत्नीकडून ते चुकीचे मानले जात नाही.

प्रकरण लवकर हाती घेण्याची विनंती तैनातीच्या कारणाने करता येते. सोबत वरिष्ठांचे पत्र लागते आणि निर्णय अधिकाऱ्यांच्या मर्जीचा असतो. सैनिकांसाठी स्थलांतर खात्याची वेगळी मदतवाहिनी आहे आणि सैन्याच्या कायदेविषयक कार्यालयात त्यांना मोफत सल्ला मिळतो. जे काम तिथे फुकट होते, त्यासाठी जिल्ह्याच्या गावातल्या एजंटाला पैसे मोजू नका.

राहिला आईने बोलू न दिलेला प्रश्न. ताई, तो विचारलात म्हणून तुम्ही अशुभ चिंतले, असे होत नाही. प्रत्येक सैनिकाच्या घरात तो मनात असतोच आणि कायद्याने त्याचा विचार केलेला आहे. अमेरिकी नागरिकाने पत्नीसाठी केलेला अर्ज प्रलंबित किंवा मंजूर असताना त्याचे निधन झाले, तर तो अर्ज विधवेने स्वतः केलेल्या अर्जात रूपांतरित होतो. अर्ज झालाच नसेल, तर निधनापासून दोन वर्षांच्या आत तिला स्वतः अर्ज करता येतो. सेवेत असताना आलेल्या मृत्यूबाबत सैनिकांच्या कुटुंबीयांसाठी २००४ च्या संरक्षणविषयक कायद्यात आणखी तरतुदी आहेत. तुमचा हक्क त्यांच्या एका फोनवर लटकलेला नाही, हे आईलाही सांगा. अर्ज आताच करण्याच्या बाजूने हेही एक कारण आहे.

प्रश्न : मी भारतीय सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो असून बुलडाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात शेती करतो. माझ्या मुलीचा साखरपुडा झाला आहे. मुलगा अमेरिकेच्या सैन्यात आहे. त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. लग्नाची तिथी धरली होती, पण त्याला अचानक तैनातीचा आदेश आला. पाहुणे म्हणतात, व्हिडिओ कॉलवर लग्न लावून टाका, म्हणजे अर्ज तरी सुरू होईल. हे योग्य आहे का?

उत्तर : काका, हे करू नका. लग्न लागताना वधूवर एकमेकांसमोर हजर नसतील, तर त्या लग्नानंतर दोघे पतिपत्नी म्हणून एकत्र आल्याशिवाय अमेरिकेचा स्थलांतर कायदा ते लग्न मानत नाही. हे त्यांच्या कायद्यातच लिहिलेले आहे. आपल्याकडेही सप्तपदी पडद्यावर होत नाही आणि नोंदणीसाठी निबंधकासमोर दोघांना उभे राहावेच लागते. व्हिडिओवर अक्षता टाकल्याने गावाचे समाधान होईल. अर्ज मात्र तिथेच राहील आणि पुढे खऱ्या लग्नाची तारीख कोणती, हा नवा प्रश्न उभा राहील.

त्याऐवजी हा काळ त्याच्या नागरिकत्वासाठी वापरावा. तुम्ही स्वतः सैन्यात होतात, म्हणून हे तुम्हाला लगेच पटेल. ११ सप्टेंबर २००१ नंतरचा काळ अमेरिकेने युद्धकाळ म्हणून जाहीर केलेला आहे आणि त्या काळात सन्मानाने सेवा करणाऱ्याला, इतरांसारखी पाच वर्षांची वाट न पाहता, नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. सैनिकांकडून त्याचे शुल्क घेतले जात नाही आणि परदेशातल्या तळावरही शपथ घेता येते. तुकडीच्या कार्यालयातून सेवेचे प्रमाणित पत्र लागते, ते त्याने निघण्याआधी घेतले तर बरे. ग्रीन कार्डवाल्याच्या पत्नीला वार्षिक मर्यादेच्या रांगेत उभे राहावे लागते. नागरिकाच्या पत्नीला रांग नाही. दोन्हींत मोठा फरक आहे.

नागरिक झाल्यावर वाग्दत्त वधूच्या व्हिसाचाही पर्याय असतो. गेल्या दोन वर्षांत दोघांची प्रत्यक्ष भेट झालेली असावी आणि तिथे पोहोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावे, या त्याच्या अटी आहेत. मला स्वतःला तो मार्ग तुमच्या मुलीसाठी पसंत नाही. मुलगी अनोळखी देशात लग्नाआधीच जाते, तिथे पुन्हा ग्रीन कार्डसाठी वेगळा अर्ज व वेगळे शुल्क भरावे लागते आणि नवऱ्याला त्या ९० दिवसांत पुन्हा आदेश आला तर ती अडकून पडते. त्याच्या पुढच्या रजेत चिखलीलाच लग्न करा, त्याच आठवड्यात नोंदणी करा आणि प्रमाणपत्र हातात घेऊनच त्याला परत जाऊ द्या. साखरपुड्याचे फोटो आणि दोन्ही घरांत झालेल्या बोलण्याच्या तारखा आत्तापासून जपून ठेवा.

प्रश्न : मी अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यातली आहे. माझा व्हिसा पासपोर्टवर लागून आला. यजमान पुढच्या महिन्यात तैनातीवरून परतणार होते, पण त्यांचा मुक्काम तीन महिन्यांनी वाढला. ते तिथे नसताना मी एकटीने गेले तर चालेल का, की व्हिसा रद्द होईल? आमच्या लग्नाला येत्या दिवाळीनंतर दोन वर्षे होतील.

उत्तर : एकटीने जाता येते, प्रवेशाच्या वेळी नवरा विमानतळावर हजर असला पाहिजे, असा नियम नाही. पण घाई करण्याआधी व्हिसावरची शेवटची तारीख पाहा. ती जास्तीत जास्त सहा महिन्यांची असते आणि वैद्यकीय तपासणी आधी झालेली असेल तर त्याहून कमीही असू शकते. त्या तारखेपर्यंत अमेरिकेत पाऊल पडले पाहिजे.

तुमच्या बाबतीत दिवाळीला महत्त्व आहे. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त मिळते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ती शर्त काढून टाकण्यासाठी आय-७५१ हा अर्ज करावा लागतो. त्या वेळी ते पुन्हा परदेशी असतील, तर सैन्याचा आदेश जोडून पुन्हा ही सगळी धावपळ आली. दोन वर्षे पूर्ण झाल्यावर प्रवेश केला, तर कार्ड थेट दहा वर्षांचे मिळते. म्हणून व्हिसाची मुदत लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसापलीकडे जात असेल, तर त्यानंतरचे तिकीट काढा. यजमानांचा परतीचा काळही त्याच सुमारास येतो. व्हिसावर सशर्त वर्गाची नोंद असेल, तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाचे प्रमाणपत्र दाखवून पूर्ण वर्गात प्रवेश द्यावा अशी विनंती करा. मुदत आधीच संपत असेल, तर मात्र विचार न करता निघा. सशर्त कार्ड हेही पूर्ण कार्डच आहे.

निघण्याआधी स्थलांतर शुल्काचे २३५ डॉलर संगणकावरून भरा, म्हणजे कार्ड छापले जाईल. ते घरी पोहोचेपर्यंत व्हिसावर बसलेला प्रवेशाचा शिक्काच वर्षभर ग्रीन कार्डाच्या जागी चालतो, तेव्हा पासपोर्ट जपा. कार्ड येण्यासाठी तिथला पत्ता असा द्या, जिथे यजमान नसतानाही टपाल घेणारे कोणी असेल. सैनिकी तळावर राहणार असाल, तर तळाचे ओळखपत्र काढण्यासाठी यजमानांनी सही केलेला कुटुंबनोंदणीचा फॉर्म आधीच मागवून घ्या, कारण तो नसेल तर त्यांच्या गैरहजेरीत तळाच्या फाटकावरच अडायला होते. लग्नाचे मूळ प्रमाणपत्र, त्याचे भाषांतर, जन्माचा दाखला, लसीकरणाचे कागद आणि यजमानांच्या तुकडीचा दूरध्वनी क्रमांक हे सगळे सामानाच्या मोठ्या पेटीत घालू नका, खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.